शिकलेले वाया जाऊ नये : श्रेयांकांची ने-आण आणि पदवीचा खर्च

(भूम येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

विषयाची मांडणी

पदवी कमी वेळात आणि कमी पैशांत मिळावी या अपेक्षेकडे महाराष्ट्रात बहुधा संशयानेच पाहिले जाते, कारण लवकर मिळालेली पदवी म्हणजे कुठून तरी आणलेला कागद, हा समज जाहिरातबाज संस्थांच्या अनुभवाने पक्का झालेला आहे. या व्याख्यानाचा विषय मात्र तशी पदवी नाही. एका महाविद्यालयात किंवा एका विद्यापीठात शिकून, परीक्षा देऊन, उत्तीर्ण होऊन मिळवलेले श्रेय दुसऱ्या ठिकाणी तसेच ग्राह्य धरले जावे आणि विद्यार्थ्याला तोच अभ्यास पुन्हा पैसे भरून करावा लागू नये, या व्यवस्थेचा येथे विचार करायचा आहे. अशा श्रेयाच्या एककाला श्रेयांक म्हणतात, महाविद्यालयाच्या खिडकीवर त्यालाच ‘क्रेडिट’ म्हणतात, आणि एका संस्थेतले श्रेयांक दुसऱ्या संस्थेने मान्य करून आपल्या पदवीत मोजणे म्हणजे श्रेयांकांचे हस्तांतरण होय. या व्यवस्थेचे नियम आज भारतात झालेले आहेत. परंतु श्रेयांक खात्यात जमा होणे आणि ते पदवीसाठी स्वीकारले जाणे या दोन भिन्न गोष्टी असून, विद्यार्थ्याचा वेळ आणि पैसा वाचतो तो दुसऱ्या गोष्टीने, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

भूमसारख्या ठिकाणी पदवीला खरा खर्च कशाचा येतो

अनुदानित महाविद्यालयातील कला शाखेच्या पदवीचे शिक्षणशुल्क हा एकूण खर्चाचा लहानसा भाग असतो, आणि पात्र विद्यार्थ्यांना त्यातही महाडीबीटीच्या मार्गाने शिष्यवृत्ती किंवा शुल्कसवलत मिळू शकते. कुटुंबाला जड जातो तो बाकीचा खर्च : पुणे किंवा छत्रपती संभाजीनगर येथे कॉट बेसिसवर घेतलेली जागा, मेसचा डबा, एसटीचे जाणे-येणे, आणि या सर्वांहून मोठी पण कोणत्याही पावतीवर न येणारी बाब म्हणजे त्या काळात न मिळालेली मजुरी किंवा पगार. त्यामुळे शिक्षणातले प्रत्येक जादा वर्ष हे शुल्काच्या आकड्यापेक्षा कितीतरी अधिक महाग पडते, आणि लोकांच्या तोंडी असलेले ‘वर्ष वाया गेले’ हे शब्द या हिशेबाचे अचूक वर्णन करतात.

वर्ष वाया जाण्याची कारणेही या भागात ओळखीची आहेत. धाराशिव आणि बीड जिल्ह्यांच्या कोरडवाहू पट्ट्यातून ऊसतोडीसाठी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात, मुलीचे लग्न ठरते, घरातला कर्ता माणूस आजारी पडतो, भरतीच्या तयारीसाठी मुलगा शहरात जातो, आणि पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिलेला विद्यार्थी महाविद्यालयाच्या पटावरून नाहीसा होतो. काही वर्षांनी तो परत येतो तेव्हा अभ्यासक्रम बदललेला असतो, जुने गुणपत्रक कोणत्या वर्षाशी जुळवायचे हे कोणी सांगत नाही, आणि पुन्हा पहिल्या वर्षापासून प्रवेश घेण्यापेक्षा शिक्षण सोडून देणेच त्याला सोयीचे वाटते.

यात भूमच्या भूगोलाने आणखी एक अडचण घातली आहे. भूम ज्या धाराशिव जिल्ह्यात आहे, तेथील महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. शेजारची बार्शी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येते. आणि खर्ड्याच्या बाजूने जामखेड गाठले की सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची हद्द लागते. भूम तालुक्यातील विद्यार्थ्याला बाजारहाटासाठी, दवाखान्यासाठी आणि महाविद्यालयासाठी बार्शी जवळची वाटते, पण तेथून परत भूमला किंवा धाराशिवला प्रवेश घ्यायचा म्हटले की त्याने विद्यापीठ बदललेले असते. मग टीसी, मायग्रेशन म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रतेचा म्हणजे एलिजिबिलिटीचा अर्ज, आणि कोणता विषय कोणत्या विषयाच्या तोडीचा हे ठरवणारा समकक्षतेचा निर्णय, अशा चार पायऱ्या त्याला चढाव्या लागतात. पहिल्या तीन पायऱ्या कागदांच्या आहेत आणि त्या उशिरा का होईना पार होतात. चौथीवर मात्र त्याचे शिकलेले मोजले जाते किंवा नाकारले जाते.

श्रेयांक म्हणजे काय

श्रेयांक हे शिकण्यासाठी दिलेल्या वेळाचे आणि उत्तीर्ण झालेल्या परीक्षेचे एकत्रित माप आहे. भारतातील प्रचलित रीतीनुसार एका सत्रात सुमारे १५ तासांचे वर्गाध्यापन किंवा ३० तासांचे प्रात्यक्षिक म्हणजे एक श्रेयांक, आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार वर्ग, स्वाध्याय, प्रकल्प व परीक्षा धरून अध्ययनाचे एकूण ३० तास म्हणजे एक श्रेयांक. महाराष्ट्रात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे आखलेल्या पदवीत प्रत्येक सत्राला २२ श्रेयांक असतात. एक वर्ष पूर्ण केल्यास ४४, दोन वर्षांस ८८, तीन वर्षांच्या पदवीस १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीस १७६ असा हिशेब आहे. वर्षाच्या शेवटी बाहेर पडणाऱ्याला कौशल्याचा ठरावीक जादा अभ्यास पूर्ण केल्यास पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका मिळते, तसेच पुढे परत येण्याची वाटही खुली राहते.

ही मोजणी भारतात जन्मलेली नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी कार्नेगी प्रतिष्ठानाने प्राध्यापकांसाठी निवृत्तिवेतन योजना आखताना कोणत्या संस्थेला ‘महाविद्यालय’ म्हणावे हे ठरवण्यासाठी शालेय शिक्षणाचे तासांवर आधारलेले एकक रूढ केले, आणि तासांत मोजण्याची ही पद्धत पुढे उच्च शिक्षणात सर्वमान्य झाली. युरोपात इरास्मस योजनेखाली एका देशातला विद्यार्थी दुसऱ्या देशात सत्रभर शिकायला जाऊ लागला, तेव्हा त्याचा तिकडचा अभ्यास इकडे मोजण्यासाठी १९८९ मध्ये सामाईक श्रेयांक पद्धत सुरू झाली, ज्यात एका वर्षाला ६० श्रेयांक धरले जातात.

लवकर आणि स्वस्त पदवीचा सर्वांत धीट प्रयोग अमेरिकेतच झाला. तेथे पदवीसाठी साधारण १२० श्रेयांक लागतात. १९६७ पासून कॉलेज बोर्डाच्या परीक्षांमधून वर्गात न बसताही श्रेयांक मिळवता येऊ लागले, आणि न्यूयॉर्कमध्ये १९७१ साली, न्यू जर्सीत १९७२ साली व कनेक्टिकटमध्ये १९७३ साली अशा तीन संस्था उभ्या राहिल्या, ज्यांचे मुख्य काम इतरत्र मिळवलेले श्रेयांक गोळा करून, तपासून, त्यांवर पदवी देणे हे होते. नोकरी करणारे प्रौढ आणि सैन्यातले लोक या मार्गाने पदवीधर झाले. हा मार्ग टिकला, कारण कोणता अभ्यास किती श्रेयांकांचा आणि कोणत्या विषयात मोजला जाईल याची यादी विद्यार्थ्याला अभ्यास सुरू करण्यापूर्वी वाचायला मिळत असे.

खंडित शिक्षणाचे एक मोठे उदाहरण

ज्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात भूम येते, त्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे शिक्षण हे खंडित होऊनही वाया न गेलेल्या शिक्षणाचे उदाहरण म्हणून येथे पाहण्यासारखे आहे. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकून, १९१५ मध्ये एम.ए. मिळवून, ते १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. परंतु बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची मुभा दिली. मधल्या काळात त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठवले, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य व मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले, १९२० मध्ये ते लंडनला गेले, आणि १९२१ मध्ये एम.एस्सी. व १९२३ मध्ये डी.एस्सी. या पदव्या त्यांनी मिळवल्या.

या घटनाक्रमात श्रेयांक हा शब्द नाही आणि अभ्यासही पदव्युत्तर आहे, तरीही आजच्या व्यवस्थेचे दोन्ही घटक त्यात स्पष्ट दिसतात. एका विद्यापीठातले शिक्षण दुसऱ्याने पुरेसे मानून पुढच्या पायरीवर प्रवेश दिला, आणि खंड पडला तेव्हा परतण्याची मुदत आधीच निश्चित करून दिली. मुदत ठरलेली असल्यामुळे पैसे जमवण्याला दिशा मिळाली. ‘पुढे बघू’ एवढ्याच आश्वासनावर कोणाला कर्ज काढता येत नाही.

आजचे नियम आणि त्यांचा हिशेब

विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक बँकेचे विनियम काढले. ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ किंवा थोडक्यात एबीसी या नावाने ओळखली जाणारी ही बँक म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याच्या श्रेयांकांची संगणकीय खातेवही असून, डिजिलॉकरवर आधार क्रमांकाच्या साहाय्याने तिचे खाते उघडता येते. या खात्यात विद्यार्थी स्वतः काहीही जमा करू शकत नाही. श्रेयांक भरण्याचे काम फक्त नोंदणीकृत संस्थाच करते. २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून पुढे मिळवलेलेच श्रेयांक या व्यवस्थेत धरले जातात, ते सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त ७ वर्षे वैध राहतात, एका पदवीसाठी वापरले की खात्यातून वजा होतात, आणि पदवी देणाऱ्या संस्थेत किमान ५० टक्के श्रेयांक मिळवलेले असावे लागतात.

शेवटची अट वाचायला साधी असली, तरी तिचा परिणाम आकडे मांडल्याशिवाय लक्षात येत नाही. समजा, भूम तालुक्यातील एका विद्यार्थिनीने बार्शीच्या महाविद्यालयात पहिले वर्ष पूर्ण करून ४४ श्रेयांक मिळवले आणि शिक्षण थांबवले. ७ वर्षांच्या आत तिने मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि विषय जुळले, तर तिला ८८ श्रेयांक उरतात. हे ८८ नव्या विद्यापीठातले असल्यामुळे १३२ च्या निम्म्याची, म्हणजे ६६ श्रेयांकांची अट आपोआप पुरी होते, आणि दोन वर्षांत पदवी मिळते. परंतु तिने बार्शीला दोन वर्षे पूर्ण करून ८८ श्रेयांक मिळवले असतील, तर त्यांतले ६६ च नव्या पदवीत मोजले जातील, उरलेले ६६ नव्या विद्यापीठातच मिळवावे लागतील, आणि एका वर्षाऐवजी तीन सत्रे शिकावे लागेल. म्हणून दोन वर्षे झाल्यावर विद्यापीठ बदलण्यापेक्षा जुन्याच विद्यापीठाकडे परत जाणे हे एका सत्राने स्वस्त पडते. हा सल्ला प्रवेशाच्या वेळी खिडकीवर मिळाला तर सहा महिन्यांची बचत होते. प्रवेश झाल्यानंतर कळला तर होत नाही.

दुसरा स्वस्त स्रोत म्हणजे केंद्र सरकारचे स्वयम् हे व्यासपीठ. २०१७ मध्ये सुरू झालेल्या या व्यासपीठावरील अभ्यासक्रम शिकायला विनामूल्य असून, श्रेयांक हवे असल्यास शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. २०१६ च्या विनियमांत सत्रातील २० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम येथून घेण्याची मुभा होती, ती २०२१ मध्ये ४० टक्के करण्यात आली. २२ श्रेयांकांच्या सत्रात याचा अर्थ जेमतेम ८ श्रेयांक असा होतो. हे श्रेयांक मुख्य विषयात मोजून घेणे कठीण असते, कारण तेथे विद्यापीठाचा अभ्यासक्रम घटकाघटकाने जुळावा लागतो. खुल्या ऐच्छिक विषयांत आणि मूल्यवर्धन अभ्यासक्रमांत ते अधिक सहज बसतात. बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजीत असणे आणि परीक्षाकेंद्र मोठ्या शहरात असणे या दोन अडचणी भूमच्या विद्यार्थ्याने आधीच हिशेबात धरायला हव्यात.

कालावधी कमी करण्याचा थेट मार्ग अलीकडेच खुला झाला आहे. आयोगाने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या वेगवर्धित पदवी पद्धतीत पहिल्या किंवा दुसऱ्या सत्रानंतर निवडलेल्या विद्यार्थ्यांना दर सत्रात जादा श्रेयांक घेऊन तीन वर्षांची पदवी एक सत्र आधी, आणि चार वर्षांची दोन सत्रे आधी पूर्ण करता येते. अशा विद्यार्थ्यांची संख्या मंजूर प्रवेशक्षमतेच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत ठेवता येते. याचा अर्थ असा की वर्षभरात पदवी भारतात नियमाने शक्य नाही, आणि श्रेयांक-हस्तांतरणाचा येथील मोठा लाभ वेग वाढवण्यात नसून गेलेली वर्षे परत मोजून घेण्यात आहे.

ज्यांचे जुने शिक्षण या खात्यात बसत नाही किंवा ज्यांची बारावीच झालेली नाही, त्यांच्यासाठी १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हा जुना आणि भरवशाचा आधार आहे. डॉ. राम ताकवले हे या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते. बारावी न झालेल्या प्रौढांसाठी पूर्वतयारी अभ्यासक्रम, गावाजवळच्या महाविद्यालयात अभ्यासकेंद्र आणि कामधंदा सांभाळून अभ्यास, या तीन सोयींनी राहण्या-जेवण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च जवळजवळ नाहीसा होतो. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ या ब्रीदाचा अर्थशास्त्रीय आशय हाच आहे.

स्वीकारणाऱ्याचा निर्णय

श्रेयांकाचे मोल मिळवणारा ठरवत नाही, स्वीकारणारा ठरवतो, ही गोष्ट महाराष्ट्राने यापूर्वीही अनुभवली आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले, मातृभाषेतून शिक्षण दिले, पदव्याही दिल्या. तथापि त्या विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली ती १९५१ मध्ये. मधल्या ३५ वर्षांत तेथे शिकलेल्या स्त्रियांचे ज्ञान खरे होते, शिक्षक खरे होते, आणि तरीही सरकारमान्य पदवीची अट असलेल्या ठिकाणी ते प्रमाणपत्र आपल्या बळावर उभे राहू शकत नव्हते.

याच्या उलट टोकाला ‘एका बैठकीत पदवी’ अशा जाहिराती करणारे दलाल आहेत, ज्यांच्याकडे शिक्षण नसते पण कागद असतो. आयोग बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करतो, आणि तिच्यात नागपूरच्या एका तथाकथित विद्यापीठाचे नाव अनेक वर्षे राहिलेले आहे. अशा ठिकाणी पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी पाहणे पुरेसे आहे : पदवी देणाऱ्या विद्यापीठाला आयोगाची मान्यता आहे का, दूरस्थ अभ्यासक्रम असल्यास त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची त्या वर्षाची मंजुरी आहे का, आणि मिळणारे श्रेयांक विद्यार्थ्याच्या एबीसी खात्यावर दिसणार आहेत का. तिन्हींपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असेल, तर तेथे वाचणारा पैसा हा वाचलेला नसून बुडालेला असतो.

खव्याच्या भट्ट्यांसाठी नाव असलेल्या भूम परिसरात स्वीकाराची रीत रोज सकाळी पाहायला मिळते. संकलन केंद्रावर दूध कोणत्या वाडीचे आणि कोणाच्या म्हशीचे हे विचारून दर ठरत नाही. फॅट आणि एसएनएफ तपासले जाते, आकडा पावतीवर येतो, आणि त्या आकड्याचा दर किती हे दरपत्रकात आधीच छापलेले असते. विद्यापीठांच्या समकक्षतेत तपासणी आहे, पण छापलेले दरपत्रक नाही. प्रत्येक अर्ज स्वतंत्रपणे अभ्यासमंडळाकडे जातो, निर्णय येईपर्यंत प्रवेशाची मुदत टळते, आणि विद्यार्थी नाइलाजाने पहिल्या वर्षाला बसतो.

काय करता येईल

पहिले काम विद्यापीठांचे आहे. मराठवाडा, सोलापूर आणि पुणे या तीन विद्यापीठांनी, निदान सीमेवरच्या तालुक्यांपुरती, कला व वाणिज्य शाखांच्या पहिल्या दोन वर्षांची समकक्षता-सारणी एकत्र बसून तयार करावी आणि प्रवेशापूर्वी प्रसिद्ध करावी. राज्याने सत्रनिहाय श्रेयांकांचा आराखडा एकच ठेवला असल्यामुळे हे काम आता पूर्वीपेक्षा बरेच सोपे झाले आहे. खुले ऐच्छिक, भाषा आणि मूल्यवर्धन हे गट तर वेगळी छाननी न करता परस्परमान्य करता येण्यासारखे आहेत.

दुसरे काम महाविद्यालयाचे आहे. स्वयम् वरील कोणते अभ्यासक्रम मोजले जातील याला विद्यापीठाच्या विद्यापरिषदेची मान्यता लागते, आणि ती यादी सत्र सुरू होताना फलकावर लागली तरच तिचा उपयोग होतो. त्याचबरोबर खात्यावरील नावाचा प्रश्न सोडवायला हवा : गुणपत्रकावर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, आणि लग्नानंतर दोन्ही बदललेले, अशा स्थितीत श्रेयांक खात्याशी जुळत नाहीत. शिक्षण सोडून परत येणाऱ्यांत विवाहित स्त्रिया असणार हे उघड असल्याने, या दुरुस्तीचा भार त्यांच्यावर न टाकता महाविद्यालयाने राजपत्र, विवाहनोंदणी आणि प्रतिज्ञापत्र यांची एकच ठरीव यादी देऊन तो उचलावा.

तिसरे काम विद्यार्थ्याचे आणि त्याच्या घरच्यांचे आहे, आणि त्याचा क्रम नेहमीच्या उलट आहे. मिळेल तिथले श्रेयांक आधी गोळा करून मग पदवी देणारे विद्यापीठ शोधणे हा तोट्याचा मार्ग होय. पदवी कोणाकडून घ्यायची हे आधी ठरवावे, त्या विद्यापीठाची ५० टक्क्यांची आणि विषयांची अट वाचावी, बाहेरचा अभ्यासक्रम मोजला जाईल असे लेखी उत्तर घ्यावे, आणि मगच शुल्क भरावे. शिक्षण मध्येच सोडावे लागत असेल, तर निदान चालू वर्षाची दोन्ही सत्रे आणि बाहेर पडण्यापुरता जादा कौशल्य अभ्यास पूर्ण करून, श्रेयांक खात्यावर आल्याची खात्री करून बाहेर पडावे; अर्धवट सोडलेले सत्र कोणत्याही विद्यापीठात मोजता येत नाही.

या तिन्ही कामांना नवा कायदा किंवा मोठा निधी लागत नाही. विनियम २०२१ पासून आहेत, आराखडा राज्याने दिला आहे, आणि २०२४-२५ मध्ये संलग्न महाविद्यालयांत नव्या रचनेखाली प्रवेश घेतलेल्या तुकडीचे पहिले श्रेयांक ७ वर्षांच्या मुदतीत वापरायचे असतील, तर त्यांची मुदत २०३२ च्या सुमारास संपू लागेल. त्या तुकडीतून गळालेल्या विद्यार्थ्यांना परतण्यासाठी तेवढाच काळ हातात आहे, आणि समकक्षतेची सारणी त्यापूर्वी छापली गेली नाही तर त्यांच्या खात्यावरचे श्रेयांक पदवीत न मोजले जाताच बाद होतील.